ज्या पाण्याचा जीव, त्याच पाण्यात



आज जरा स्पष्ट लिहिणार आहे. कुणाला लागलं तर क्षमा असावी, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या समाजातल्या घरांत हल्ली फिश टँक फार दिसायला लागले आहेत. शहरातलं सोडा, आमच्या कुंभार पिंपळगावसारख्या गावातही दिवाणखान्यात काचेची पेटी आली आहे. कुणाला वास्तुशांतीला भेट मिळालेली असते, कुणी मुलाच्या वाढदिवसाला आणलेली असते, कुणाला वास्तुवाल्याने ईशान्येला ठेवायला सांगितलेली असते. पूर्वी त्यात गोल्डफिश असायचे. आता ‘आफ्रिकन सिक्लिड’ची हौस आहे. पिवळेधमक, निळे, नारिंगी, काळ्या पट्ट्यांचे मासे दिसतात खरे सुंदर. जालन्याला किंवा संभाजीनगरला गेलं की पिशवीत भरून आणायचे. दुकानात दोन पिवळे, दोन निळे, शोभेला चार गप्पी, एखादा एंजल आणि काच साफ ठेवायला एक सकर असा सगळा संच मिळतो. हे सगळे एकत्र राहतील का, असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: ‘घेतील जुळवून.’

माझं भांडण या दोन शब्दांशी आहे. ते दुकानदाराने म्हटले तर मी समजू शकते, त्याला माल विकायचा असतो. पण गाळलेल्या पाण्याशिवाय चूल न पेटवणारी आपली श्राविका जेव्हा तेच म्हणते, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

आपल्या घरातली जिवाणीची रीत आठवा. पाणी गाळून झालं की काम संपत नसे. गाळण्यात राहिलेले जीव गाळलेल्याच पाण्याने हलकेच धुवून घ्यायचे आणि ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडायचे. तेही वरून ओतायचं नाही. बादली पार पाण्याला टेकवायची आणि मग अलगद उलटी करायची. विहिरीचं विहिरीत, नदीचं नदीत. गोड्या पाण्यातले जीव खाऱ्या विहिरीत पडले तर जगत नाहीत, म्हणून एवढी काळजी. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवासाठी ज्या घरांनी हा नियम पाळला, त्याच घरांत आज वीतभर लांबीचे, पाच इंद्रियांचे जीव तीन वेगवेगळ्या खंडांतून उचलून एका पेटीत कोंबले जातात. आणि आपण म्हणतो, घेतील जुळवून.

जुळवून घेत नाहीत. का घेत नाहीत ते नीट समजून घ्या.

सिक्लिड हे एका माशाचं नाव नाही, ते एक मोठं कूळ आहे. दुकानात ‘आफ्रिकन’ म्हणून मिळणारे बहुतेक मासे मूळचे पूर्व आफ्रिकेतल्या तीन सरोवरांतले: मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया. त्यातही मलावीचे सर्वांत जास्त. आज ते तिथून पकडून आणलेले क्वचितच असतात. आपल्याकडे चेन्नई, कोलकाता अशा ठिकाणी त्यांची पैदास होते. पण पैदास हौदात झाली म्हणून स्वभाव बदलत नाही.

मलावी सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आहे. पाणी जड आणि क्षारयुक्त, पीएच साधारण ७.८ ते ८.६. काठाजवळच्या खडकांत जे मासे राहतात त्यांना तिथले लोक ‘म्बुना’ म्हणतात. आपल्या टँकमधले पिवळे-निळे बहुधा हेच. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणं हा त्यांतल्या बहुतेकांचा आहार. प्रत्येक नर खडकाचा एक तुकडा आपला मानतो आणि दुसऱ्या नराला तिथे फिरकू देत नाही. सरोवरात हरलेला मासा पळून जातो आणि प्रकरण मिटतं. दोन फुटी टँकमध्ये तो पळणार कुठे? मग तो फिल्टरच्या मागे नाहीतर वरच्या कोपऱ्यात दडून बसतो. पर फाटलेले, रंग उतरलेला, खाणं सुटलेलं. चार-सहा दिवसांनी तो पाण्यावर तरंगतो आणि घरातली बाई म्हणते, ‘याला पाणी सोसलं नाही.’ पाणी सोसलं नाही असं नव्हे. आपण त्याला कोंडून मारलं.

आता सोबत्यांचं पाहू. एंजल हा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉनच्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात म्बुना तग धरतो, पण एंजलचं तसं नाही. शिवाय त्याचे लांब पर दिसले की म्बुना ते ओरबाडतो. गोल्डफिशला थंड पाणी लागतं, तो संथ असतो, त्याचीही तीच गत. गप्पी आणि छोटे टेट्रा मोठ्या सिक्लिडच्या तोंडात सरळ मावतात. सकर बोटाएवढा आणला तरी फुटापेक्षा मोठा होऊ शकतो. मग ना त्याला जागा, ना इतरांना.

‘मग फक्त आफ्रिकनच ठेवू,’ असं कुणी म्हणेल. तेही इतकं सोपं नाही. मलावीचाच ऑराटस पिल्लू असताना पिवळ्या पट्ट्यांचा, गोजिरवाणा दिसतो. त्यातला नर मोठा होऊन काळपट झाला की टँकवर राज्य करतो. मलावीचाच पीकॉक तुलनेने शांत, खडकांबाहेरच्या मोकळ्या वाळूकडे राहणारा. दोघं एका सरोवरातले, पण एका टँकमध्ये पीकॉकचं जिणं हराम होतं. टांगानिकाचा फ्रंटोसा संथ दिसतो आणि रात्री लहान मासे गिळतो. टांगानिकातच ठिपक्यांचा एक मार्जारमासा असा आहे की तो आपली अंडी सिक्लिडच्या अंड्यांत मिसळून देतो. सिक्लिड आई ती आपली समजून तोंडात घेते आणि त्यातून निघालेली पिल्लं तिच्याच पिल्लांना खातात. तेव्हा एका सरोवराचा मासा ही पहिली अट झाली. त्यानंतर आहार, आकार, स्वभाव आणि नर-माद्यांचं प्रमाण पाहावं लागतं. आपण मात्र रंग बघून निवडतो, साडीवर ब्लाउज निवडावा तसा.

चुकीचा सोबती काय करू शकतो याचं उदाहरण व्हिक्टोरिया सरोवरात आहे. तिथे सिक्लिडच्या शेकडो जाती होत्या. १९५० च्या दशकात तिथे नाईल पर्च हा बाहेरचा मोठा मासा सोडला गेला. हेतू चांगलाच होता, मासेमारी वाढावी हा. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत सिक्लिडच्या दोनशेच्या आसपास जाती नाहीशा झाल्या किंवा होण्याच्या बेतात आल्या. पाणी गढूळ होणं वगैरे इतर कारणंही होती, पण मोठा घाव त्या एका पाहुण्याचा. समुद्रासारख्या सरोवराला जे पेललं नाही ते आपल्या दोन फुटी पेटीला कसं पेलणार?

आणि ‘घेतील जुळवून’ हे शब्द आपल्याला नवे नाहीत. आपल्यापैकी कितीजणींच्या पाठवणीच्या वेळी ते बोलले गेले असतील. तिथे निदान माणसाला तोंड असतं, माहेर असतं, फोन असतो. माशाला यातलं काहीच नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या वतीने ‘जुळवून घेईल’ असं आपण ठरवू नये.

आता वास्तूचं बोलू. टँक ठेवला की लक्ष्मी येते, आठ सोनेरी आणि एक काळा ठेवला की नजर लागत नाही, आणि मासा मेला तर घरावरचं संकट त्याने आपल्यावर घेतलं, असं आपल्याच बायका बोलतात. बायांनो, हे बोलताना आपण जैन आहोत हे कुठे जातं? आपलं कर्म आपणच बांधतो आणि आपल्यालाच फेडावं लागतं. तीर्थंकरही ते आपल्या वतीने भोगत नाहीत. मग दुकानातून दीडशे रुपयांना आणलेला मुका जीव आपलं कर्म घेऊन जातो हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? उलट, त्याच्या मरणात आपला हात असेल तर आपल्या खात्यावर नवीनच चढतं. पण मेला की ‘संकट टळलं’ म्हणायचं आणि लगेच नवा आणायचा, हे चालूच.

काही जणी म्हणतात, मासा आपल्याला शुभच आहे. भगवान अरनाथांचं लांछन मासा आहे, तीर्थंकरांच्या मातेला पडलेल्या सोळा स्वप्नांत माशांची जोडी आहे. अगदी बरोबर. पण त्या स्वप्नातली जोडी पाण्यात मोकळी खेळताना दिसते. बैल हे भगवान आदिनाथांचं लांछन आहे म्हणून आपण बैल दिवाणखान्यात बांधत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. पाठशाळेत शिकलेल्या प्रत्येकीला ते येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पहिलाच बंध आहे. जीवाला त्याच्या मर्जीविरुद्ध अडकवून ठेवणं. मारणं त्याच्यानंतर येतं. ही यादी समोर ठेवून एकदा आपल्या टँककडे पाहा. काचेत कोंडणं हा बंध. एकमेकांचे पर फाडतील अशा जीवांना एकत्र टाकणं म्हणजे छेद आणि वध यांची सोय करून देणं. दोन फुटांत पंधरा मासे हा त्या पाण्यावरचा अतिभारच. आणि सगळे गावाला गेलो म्हणून चार दिवस टँक कुलपात, त्यात लाइट गेली, फिल्टर बंद. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता त्यांच्या खाण्याचं. आपण कांदा-बटाटा घरात आणत नाही, बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका शोधतो. माशांच्या खाद्याचा डबा कधी उलटा करून वाचला आहे का? बहुतेक दाण्यांत वाळवलेल्या माशांची पूड असते, कोळंबीची पूड असते. सुकवलेल्या किड्यांच्या वड्या तर नावानेच विकल्या जातात. तो डबा आपल्या कपाटात, मुलांच्या हाताशी, कधी कधी मंदिराच्या सामानाच्या खालच्या फळीवर. आणि गंमत अशी की म्बुना स्वतः मुख्यतः शेवाळ खाणारा, लांब आतड्याचा मासा. मांसाचं प्रमाण जास्त असलेलं खाद्य त्याला बाधतं, पोट फुगतं आणि तो मरतो. शाकाहारी घरात शाकाहारी जीव आणून त्याला मांस खाऊ घालून मारायचं, असा हा प्रकार आहे.

एक गोष्ट बहुतेकींना माहीत नसेल. म्बुना मादी अंडी दिल्यावर ती तोंडात घेते आणि साधारण तीन आठवडे पिल्लं मोकळी होईपर्यंत तोंडातच सांभाळते. त्या काळात ती जवळजवळ काहीच खात नाही. आपण तिला जिनवाणी ऐकलेली तपस्विनी म्हणणार नाही, तिचा तो देहधर्म आहे. पण तीन आठवडे उपाशी राहून पिल्लं जपणाऱ्या त्या जीवाच्या मागे दोन-दोन नर लावून द्यायचे, लपायला एक दगडही ठेवायचा नाही आणि बाहेर सोफ्यावर बसून ‘बघा कसे खेळतात’ म्हणायचं! ते खेळत नसतात. ती जीव वाचवत पळत असते.

‘मुलांना जीवदया शिकायला मिळते’ हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकते. मुलं जे बघतात ते शिकतात. जीव पैशाने विकत मिळतो, मेला की दुसरा आणता येतो आणि मेलेला बाथरूममध्ये सोडून देता येतो, हे ती शिकतात. जीवदया शिकवायची तर उन्हाळ्यात गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचं मातीचं भांडं रोज भरायला लावा. आमचं तर गावच कुंभारांच्या नावाचं, भांड्याला तोटा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कंटाळा आला, मासे भांडायला लागले, उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की मग शेवटी सुचतं ते अभयदान. पर्युषण बघून टँकमधले मासे गोदावरीत, तलावात नाहीतर शेतातल्या विहिरीत सोडायचे आणि पुण्य घेऊन घरी यायचं. मैत्रिणींनो, हे अभयदान नव्हे.

आपल्या तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे. तिच्यात तिचे स्वतःचे हजारो वर्षांचे रहिवासी आहेत. आपला मासा तिथे मेला तर आपण त्याला मारलं. जगला तर आणखी वाईट. याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. चिलापी, म्हणजे तिलापिया, हासुद्धा आफ्रिकन सिक्लिडच आहे, आपल्या पिवळ्या-निळ्या माशांचा भाऊबंद. १९५२ साली तो भारतात आणला गेला. सात वर्षांत, १९५९ मध्ये, त्याचा प्रसार थांबवण्याचा निर्णय झाला, पण तोवर उशीर झाला होता. त्याचीही मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं भरपूर वाचतात. आज उजनी धरणात चिलापी किती झाला आहे ते तिथल्या मच्छीमारांना विचारा. मूळचे मासे मागे पडले. टँकमधला सकरही असाच लोकांनी सोडून सोडून आपल्या नद्या-धरणांत पोचला आहे. म्हणजे एका जीवाला ‘सोडवताना’ आपण त्या पाण्यातल्या हजारो जीवांच्या तोंडचं खाणं आणि त्यांची जागा काढून घेतो. याचं पाप कुणाच्या नावावर लिहायचं?

मृगसेन धीवराची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. जाळ्यात आलेला पहिला मासा सोडायचा, एवढंच व्रत त्याने मुनींकडून घेतलं. तोच मासा पाच वेळा आला, त्याने पाचही वेळा सोडला. पण सोडला कुठे? ज्या नदीतून आला, त्याच नदीत. अभयदान म्हणजे जीवाला त्याच्या घरी परत पाठवणं. मलावीच्या माशाला आपण घरी पाठवू शकत नाही. म्हणून त्याला विकत आणणं हाच चुकीचा दरवाजा आहे, कारण त्या दरवाजाने परत जाता येत नाही. आणि सोडण्यासाठी म्हणून दुकानातून मासे विकत घेऊ नका. चार सोडवले की दुकानदार आठ मागवतो.

‘झालं ते झालं, आता आमच्याकडे आहेत त्यांचं काय करू?’ हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर देणं माझं कर्तव्य आहे.

नवीन मासा आणू नका. मेलेल्याची जागा भरू नका. आहेत त्यांना त्यांचं आयुष्य नीट जगू द्या. म्बुना चांगली सात-आठ वर्षं जगू शकतो, तेवढी तयारी ठेवा. गप्पी, एंजल, गोल्डफिश असतील तर आजच वेगळ्या टाकीत काढा. म्बुनासाठी निदान चार फुटी, दोनशे लिटरच्या वरचा टँक हवा. एका जातीचा एकच नर आणि तीन-चार माद्या, म्हणजे एकाच मादीचा पाठलाग होत नाही. तळापासून वरपर्यंत दगड रचून कपारी करा, पण ते कोसळणार नाहीत असे पक्के बसवा. पीकॉक आणि म्बुना वेगळे ठेवा. खाद्य स्पिरुलिना म्हणजे शेवाळ मुख्य असलेलंच घ्या, तेही डब्यावरचे घटक वाचून. जोडीला उकडलेला मटार, पालक थोडा थोडा द्या. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावं लागतं. ग्रामपंचायतीच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर असते, ते तसंच ओतलं तर माशांचे कल्ले जळतात. क्लोरीन घालवणारे थेंब टाकूनच वापरा. काढलेलं पाणी झाडांना घाला, ओढ्या-विहिरीला नको. लाइट जाते तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवा.

एवढं जमणार नसेल तर त्याच सरोवराचे मासे मोठ्या टँकमध्ये नीट सांभाळणारा कुणी शोधा आणि त्याच्याकडे द्या. मुलांना फोन लावायला सांगा, शहरात अशी माणसं सापडतात. नदीत मात्र नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, एवढा खर्च, एवढं पाणी, एवढी यातायात एका हौसेसाठी? तेच तर मी म्हणते आहे. जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात प्यायच्या घागरीसाठी बायका रांगेत उभ्या राहतात, तिथे आठवड्याला पन्नास लिटर शोभेवर ओतायचं असेल तर आधीच विचार करायला हवा होता. ज्यांच्या घरी टँक अजून आला नाही, त्यांनी तो आणू नये. वास्तुशांतीला, वाढदिवसाला भेट म्हणून तो कुणाला देऊ नये, आणि कुणी द्यायला निघालं तर नम्रपणे नाही म्हणावं.

दशलक्षण पर्व येईल तेव्हा उत्तम संयमाच्या दिवशी पाठशाळेत मुलांना जिवाणी करून दाखवा. आज नळ आले, फिल्टर आले, पुष्कळ घरांतून ती रीत गेली. बादली पाण्याला टेकवून, हलकेच उलटी करून दाखवा. का, ते मुलं विचारतील. तेव्हा त्यांना मलावीच्या त्या पिवळ्या माशाबद्दलही सांगा, की त्याचं पाणी इथून फार लांब आहे आणि त्याने तिथेच राहावं.

मिच्छामि दुक्कडम्.